लहान गेजच्या दुनळीची दुर्मीळता कुठून आली
जुन्या दुनळी बंदुका जमवणाऱ्यांत २८ गेज आणि .४१० यांचा मान १२ गेजपेक्षा कितीतरी मोठा. पण त्या बनत होत्या तेव्हा त्यांना गिऱ्हाईकच फारसे नव्हते.

गेजचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशातून नळीत नेमक्या बसतील अशा १२ गोळ्या झाल्या तर ती १२ गेज, २८ झाल्या तर २८. म्हणून १२ गेजची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, तर २८ ची जेमतेम १४. .४१० हा गेज नव्हेच. तो नळीचा इंचांतला व्यास.

एकच बंदूक परवडणारा अमेरिकन शिकारी बदकापासून सशापर्यंत सगळ्याला चालेल अशी १२ गेजच घेई. बारीक नळी मुलांच्या हातात शोभे. अमेरिकेत २८ गेज रुळवण्याचे श्रेय कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या पार्कर ब्रदर्स या बंदूक कंपनीला, १९०३ च्या सुमाराचे. पुढे १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये स्कीट हा नेमबाजीचा खेळ जन्मला आणि लहान गेजला मागणी आली. दुर्दैव असे, की लगोलग महामंदी आली. हाताने जुळवलेली दुनळी महाग पडू लागली, पार्कर १९३४ मध्ये रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली आणि महायुद्धात तिचे उत्पादन थांबले.

काही अमेरिकन बंदूक कंपन्यांनी तर यांतले एखादे किंवा दोन्ही मापे बनवलीच नाहीत. एल. सी. स्मिथची .४१० मिळते, २८ गेज नाही. जुनी ए. एच. फॉक्स २० गेजवर थांबली. त्या काळातली ‘अस्सल’ २८ गेज फॉक्स कुणी दाखवली, तर आधी शंका घ्यावी.

माझ्या मते खरी परीक्षा चौकटीची, म्हणजे नळ्या ज्यावर बसतात त्या धातूच्या मधल्या भागाची. मोठ्या चौकटीवर बारीक नळ्या बसवल्या तर बंदूक हातात जडच राहते. नळीच्या मापाला शोभेल अशी चौकट घडवली, तरच तो हलका तोल साधतो. पार्करच्या नळ्यांखालच्या लगवर, म्हणजे चौकटीत अडकणाऱ्या खुंटीवर, चौकटीचा क्रमांक ठोकलेला असतो. शून्ये जितकी जास्त, तितकी चौकट लहान. नंतर कुणी काडतुसाचे घर लांबवले असेल किंवा चौकटीला नव्याने रंग चढवला असेल, तर किंमत घसरते. पार्करच्या कारखान्यातल्या बऱ्याच नोंदवह्या सुदैवाने टिकल्या आहेत. अनुक्रमांकावरून मूळ गेज आणि नळीची लांबी ताडून पाहता येते.