ज्येष्ठमधाच्या वासाचं पाणी

९ जानेवारी २०१४ च्या सकाळी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, चार्ल्स्टनमध्ये, हवेला ज्येष्ठमधाचा वास येतोय अशा तक्रारी येऊ लागल्या. (तिथल्या ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांत बहुधा बडीशेपेच्या जातीचा अर्क असतो, आपलं नाक बडीशेपच म्हणेल.) पर्यावरण खात्याचे निरीक्षक वासाचा माग काढत एल्क नदीकाठी फ्रीडम इंडस्ट्रीज या रसायनं साठवणाऱ्या कंपनीच्या टाक्यांपाशी पोचले. ३९६ नंबरच्या टाकीचा तळ गंजून त्याला दोन लहान भोकं पडली होती. गळती अडवायला टाक्यांभोवती भिंत होती, पण तिलाच तडे गेलेले. सुमारे १०,००० गॅलन, म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ चार, एवढा द्रव गळला आणि त्यातला बराचसा नदीत उतरला. तिथून जेमतेम अडीच किलोमीटर खाली सुमारे तीन लाख लोकांच्या पाण्याचा उपसा होता. दुसरा नव्हताच.

द्रव होता एमसीएचएम, पूर्ण नाव ४-मिथाइलसायक्लोहेक्झेनमिथेनॉल. कोळसा धुवायला वापरतात. कोळशाची भुकटी पाण्यात घालून खालून हवा सोडायची. या रसायनाने फेस धरतो, कोळसा फेसाला चिकटून वर येतो आणि माती-दगड तळाशी राहतात.

जलशुद्धीकरण केंद्राने त्याला अडवलं का नाही? कारण केंद्र बांधलेलं असतं गाळ आणि जंतूंसाठी. तुरटी मातीच्या कणांवरचा विद्युतभार मोडते, मग कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात. क्लोरीन जंतू मारतं. पाण्यात विरघळलेल्या, भार नसलेल्या रेणूला या दोन्हींचा काही उपद्रव नाही. त्याला धरतो तो फक्त फिल्टरमधला सक्रिय कार्बन, म्हणजे रेणू शोषून घेणारा सच्छिद्र कोळसा, आणि त्याच्याही पृष्ठभागावर जागा मोजकीच. ती भरली की पुढचा रेणू सरळ पार. दुपारी चारच्या सुमारास नेमकं हेच झालं.

मग उपसाच बंद का केला नाही? बाहेरून पाहणाऱ्याला हा हलगर्जीपणा वाटतो, पण पेच खरा होता. कडाक्याच्या थंडीत पाइप फुटले होते, पाणी गोठू नये म्हणून लोकांनी नळ ठिबकत ठेवले होते, त्यामुळे साठा आधीच कमी. उपसा थांबवला असता तर नळांतला दाब गेला असता, आग विझवायला पाणी उरलं नसतं आणि रिकाम्या पाइपांत सांध्यांतून बाहेरची घाण ओढली गेली असती. म्हणून पाणी चालू ठेवलं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हुकूम निघाला: पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, अंघोळ नको, कपडे-भांडी नकोत. संडासात ओतायला आणि आग विझवायला तेवढं चालेल.

'पाणी उकळून प्या' हा आपला हुकमी उपाय इथे उलटा पडतो. उकळल्याने जंतू मरतात. हे रसायन मात्र वाफेबरोबर उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतं.

किती असलं तर चालेल? सरकारी तज्ज्ञांनी सांगितलं, दशलक्षात एक भाग. हिशेब असा: उंदरांवरच्या २८ दिवसांच्या एका चाचणीत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नव्हता. उंदीर आणि माणूस यांतला फरक, माणसामाणसांतला फरक आणि माहितीचा तुटपुंजेपणा, अशा प्रत्येकासाठी दहाने भागायचं, उरले ०.१ मिलिग्रॅम. दहा किलोचं मूल रोज एक लिटर पाणी पितं असं धरलं की लिटरमागे एक मिलिग्रॅम येतो. गणितात चूक नाही. फक्त ते पिण्यापुरतं आहे, अंघोळीच्या वाफेचा हिशेब त्यात नाही. आणि चाचणी शुद्ध एमसीएचएमची होती, टाकीत होतं कच्चं मिश्रण. त्यात दुसरंही एक रसायन मिसळलेलं होतं, हे २१ जानेवारीला बाहेर आलं. त्याआधी १३ तारखेपासून भागाभागाने बंदी उठली होती, आणि १५ ला सूचना आली की पाण्यात काहीच सापडेनासं होईपर्यंत गरोदर बायकांनी ते पिऊ नये. यानंतर आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

घरचे नळ धुवायची सूचना: गरम पाण्याचे सगळे नळ १५ मिनिटं सोडा, मग थंड पाण्याचे ५ मिनिटं. गरमला जास्त वेळ, कारण तिथल्या घरांत गीझरची भलीमोठी टाकी असते आणि ती पूर्ण बदलून निघायला हवी. पण गरम पाणी सोडलं की वासही घरभर. असं करताना खिडक्या उघड्या हव्यात, बर्फाचे खडे टाकून द्यायला हवेत आणि फ्रीजचं फिल्टर बदलायला हवं.

पाणी 'सुरक्षित' ठरल्यावरही वास येतच राहिला, कारण माणसाचं नाक हे रसायन अब्जात एका भागाहूनही कमी असलं तरी ओळखतं. ठरवलेली मर्यादा त्याच्या हजारपट वर. पुढे कळलं की केंद्राच्या फिल्टरमधला कार्बनच शोषलेलं एमसीएचएम थोडंथोडं परत पाण्यात सोडत होता. तो सगळा काढून नवा भरावा लागला.