शुगर असलेल्या माणसाचा ताप

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी नाशिकहून माणसं लोटतात, त्यातली पुष्कळ अनवाणी. चिखल आणि बारीक खडी तुडवताना तळपायाला चीर पडते. तरुण पोराला ती लगेच टोचते. धुऊन पट्टी लावली की चार-आठ दिवसांत भरते. पंधरा वर्षं डायबिटीस असलेल्या त्याच्या काकांना मात्र ती कळतही नाही, कारण वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात.

जंतू दोघांच्याही पायात सारखेच शिरतात. फरक पडतो तो पुढे. जखमेकडे सगळ्यांत आधी धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. रक्तात साखर फार असली की त्या उशिरा पोचतात आणि जंतू गिळून मारण्यातही कमी पडतात. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, म्हणजे प्राणवायू आणि अँटिबायोटिकही तिथवर पुरेसं जात नाही. एवढ्याशा चिरेचं गँगरीन होतं ते असं.

टीबीचंही तेच: डायबिटीस असेल तर टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट. २०२१ साली काळ्या बुरशीनं लोकांचे डोळे आणि जबडे घेतले. ती बुरशी हवेत, मातीत कायमच असते, बहुतेकांना काही करत नाही. बेफाम साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले तिथे तिला रान मोकळं मिळालं.

आणि हे चक्र उलटंही फिरतं, ते मला जास्त धोक्याचं वाटतं. तापात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची हार्मोन्स सोडतं. त्यामुळे यकृत रक्तात साखर ओततं आणि इन्सुलिनचा जोर ओसरतो. पोटात अन्न नसतानाही साखर चढते. नेमकं तेव्हाच घरोघरी ऐकू येतं, ‘जेवणच गेलं नाही, मग इन्सुलिन कशाला?’ कृपा करून ते मनानं बंद करू नका. उलट्या-जुलाबात काही गोळ्या थांबवाव्या लागतात हे खरं, पण कुठल्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारा आणि तापात साखर वरचेवर तपासा.

डायबिटीस असलेल्यांसारखाच दमा, किडनी किंवा हृदयविकार असलेल्यांनाही फ्लू जड जातो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांकडे लशीचा विषय काढा.