मिनी ट्रॅक्टरसाठी रोटाव्हेटर: महाडीबीटीवर अर्ज भरण्याआधी माप ठरवा

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायच्या राज्याच्या पोर्टलवर, रोटाव्हेटरचा (ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणाऱ्या अवजाराचा, थोडक्यात रोटरचा) अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. पण त्यात एक रकाना असा आहे, की तो चुकला तर पुढचं सगळं अडतं. तो म्हणजे यंत्राचा प्रकार, रोटर किती फुटी हवा ते. बरेच जण तिथे दुकानदार सांगेल ते माप टाकतात. काही जण मोठ्या रोटरला अनुदानाची मर्यादा जास्त म्हणून मोठं माप निवडतात. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला एखाद वेळेस ते खपून जातं, पंधरा-वीस एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला अजिबात नाही. आणि २०२५ पासून सोडत बंद होऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ अशी पद्धत आल्यामुळे चुकीचा अर्ज रद्द करून नवा भरायचा म्हणजे नव्या तारखेने पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. म्हणून आधी टेप हातात घ्या, मोबाइल नंतर.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. रोटरची कामाची रुंदी निदान तेवढी हवी, म्हणजे चाकाने दाबलेली माती मागून रोटर मोकळी करत येतो. त्याहून अरुंद घेतला तर प्रत्येक फेरीला चाकाच्या खुणा तशाच राहतात.

रुंदीला वरची मर्यादा घालते ती ताकद. इंजिनाचे सगळे एचपी रोटरपर्यंत पोचत नाहीत, पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, साधारण ८० ते ८५ टक्के मिळतात. १८.५ एचपीच्या ट्रॅक्टरकडे रोटर फिरवायला पंधरा-साडेपंधराच उरतात. शेतावरचा ढोबळ हिशेब असा, की रोटरच्या एका फुटामागे इंजिनाचे सहा ते सात एचपी धरायचे. म्हणजे १५ ते २० एचपीला अडीच-तीन फूट, २४ ते २८ एचपीला चार फूट आणि ३० ते ३५ एचपीला पाच फूट. भारी काळ्या जमिनीत याहूनही हात राखून घ्यावा. मोठा रोटर लावला की इंजिनाला दम लागतो, आपण गिअर खाली आणतो, डिझेल वाढतं आणि एवढं करून ढेकळं राहतातच.

बागायतदारांनी आणखी एक माप घ्यावं. ‘तीन फुटी’ म्हणतात तेव्हा ती पात्यांच्या कामाची रुंदी असते, सुमारे ९० सेंटिमीटर. बाजूची गिअर पेटी आणि फ्रेम धरून यंत्राची एकूण रुंदी त्याहून जास्त भरते. नऊ फुटी ओळींच्या द्राक्षबागेत फ्रेमच्या टोकापासून खोडापर्यंत दोन्ही बाजूंना किती जागा उरते, ते एकूण रुंदीवर ठरतं. ठिबकच्या नळ्या जमिनीवर असतील तर त्या तारेला बांधून वर घेतल्याशिवाय रोटर आत घालूच नये. एकदा नळी रोटरला गुंडाळली की ती कापून काढण्यात अर्धा दिवस जातो. खोडाजवळची माती हलवायची असेल तर बाजूला सरकवता येणारा ऑफसेट रोटर विचारा. आणि खोली कमी ठेवा. द्राक्षाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात.

बाकीच्या गोष्टी दुकानातच बघता येतात. तणकट आणि पिकाचे अवशेष असलेल्या रानासाठी ‘एल’ आकाराची पाती चालतात, कडक जमिनीसाठी ‘सी’ आकाराची. रोटर मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनवलेला असतो. तुमच्या ट्रॅक्टरला पीटीओचे दोन वेग असतील तर ५४० कुठला, ते पक्कं माहीत हवं. काही मिनी ट्रॅक्टरची थ्री पॉइंट जोडणी, म्हणजे अवजार तीन ठिकाणी अडकवायची जागा, नेहमीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे रोटरच्या पिना बसतात का, ते ट्रॅक्टर नेऊनच बघावं. पीटीओ शाफ्टची, म्हणजे ट्रॅक्टर आणि रोटर जोडणाऱ्या, एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांची लांबीही तेव्हाच तपासा. रोटर वर उचलला किंवा खाली टेकवला तरी दोन नळ्या एकमेकींत पुरेशा अडकलेल्या राहिल्या पाहिजेत आणि वर-खाली होताना कुठेही टोकाला ठोकर बसता कामा नये. शाफ्टवरचा शिअर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअर पेटी वाचते. तो सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट घालणं म्हणजे गिअर पेटीच्या जिवावर उठणं.

माप पक्कं झालं की मग योजना. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात आणि राज्याच्या यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक आणि महिला शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे. त्यावर प्रत्येक यंत्राची कमाल मर्यादा असते. टक्क्याने येणारी रक्कम आणि मर्यादा, यांतलं जे कमी ते मिळतं. म्हणजे महागडं मॉडेल घेतलं तर वरचा फरक पूर्ण आपल्या खिशातून जातो. अत्यल्प म्हणजे एक हेक्टरपर्यंत आणि अल्प म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, आणि इथे एका गटाचं क्षेत्र न धरता तुमची एकूण जमीन धरतात.

ट्रॅक्टर स्वतःच्याच नावावर हवा असं नाही. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावे असला तरी चालतो, फक्त तसा पुरावा जोडावा लागतो. एका वेळी एकाच यंत्राला अनुदान मिळतं. ज्या यंत्राचा लाभ घेतला, त्याच यंत्रासाठी पुढची दहा वर्षं अर्ज करता येत नाही, दुसऱ्या अवजारासाठी करता येतो. ट्रॅक्टरला अनुदान घेतलंय म्हणून आता रोटर मिळणार नाही, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे.

कागदांची सुरुवात फार्मर आयडीपासून होते. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला हा अकरा अंकी क्रमांक एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला आहे. काढला नसेल तर सामायिक सुविधा केंद्रात जाऊन आधी तो काढा आणि त्यात तुमचे सगळे गट जोडले गेलेत का, ते बघा. एखादा गट सुटला तर क्षेत्र कमी दिसतं आणि पुढे प्रश्न येतात. सातबारा आणि आठ-अचे डिजिटल सहीचे उतारेही जवळ ठेवा. सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. आधार कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक लागतं. बँकेच्या पासबुकाची प्रत देऊन काम संपत नाही. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं वेगळं आणि ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, आधारशी संलग्न असणं वेगळं. पैसे संलग्न खात्यातच जातात, मग पासबुक कुठलंही जोडा. दोन-तीन बँकांत खाती असतील तर शाखेत जाऊन हे आधीच विचारून घ्या.

अर्ज भरताना पोर्टलच्या शेतकरी विभागात कृषी यांत्रिकीकरण निवडलं की ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरचलित अवजारे, मग एचपी श्रेणी, मग यंत्राचा गट आणि शेवटी मशीनचा प्रकार, असे रकाने एकामागून एक उघडतात. एचपी श्रेणी आरसी बुकावरून भरा, अंदाजाने नको. वीस एचपीच्या खालचा ट्रॅक्टर आणि वरचा ट्रॅक्टर यांच्या श्रेणी वेगळ्या आहेत, आणि मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे एचपी असेलच असं नाही. पुढे प्राधान्यक्रम टाकून २३ रुपये ६० पैसे शुल्क भरलं की अर्ज दाखल होतो. पावती जपून ठेवा.

निवड झाल्याचा संदेश आला की दोन कागद अपलोड करायचे असतात, विक्रेत्याचं कोटेशन आणि त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट. मापाची खरी परीक्षा इथे होते. टेस्ट रिपोर्ट मॉडेलनिहाय असतो. एकाच कंपनीच्या चार फुटी रोटरचा रिपोर्ट तीन फुटीला चालत नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनी किंवा हरियाणातल्या हिसारसारख्या केंद्र सरकारच्या संस्थांत या चाचण्या होतात. दुकानदाराकडून तो रिपोर्ट मागून घेऊन निदान दोन गोष्टी वाचा: कामाची रुंदी किती भरली आणि चाचणी किती एचपीच्या ट्रॅक्टरवर झाली. चाचणीचा ट्रॅक्टर तुमच्यापेक्षा बराच मोठा असेल तर ते मॉडेल सोडून द्या, दुकानदार काहीही म्हणो. मग अर्जातला प्रकार, कोटेशनवरचं मॉडेल, रिपोर्टवरचं मॉडेल आणि आरसीवरचे एचपी एकमेकांशी जुळवून बघा. कागद अपलोड करण्याची मुदत संदेशात असते, ती चुकवू नका.

तालुका कृषी अधिकारी कार्यालयात छाननी झाली की पूर्वसंमती मिळते. त्याआधी खरेदी करायची नाही. अर्ज भरताना आपण तसं मान्यही केलेलं असतं. ‘आत्ता घेऊन टाका, बिल नंतरच्या तारखेचं देतो,’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्यात अनुदान कायमचं जाऊ शकतं. पूर्वसंमती आल्यावर पत्रातल्या मुदतीत खरेदी करा आणि पैसे रोख न देता स्वतःच्या खात्यातून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवं मागून घ्या.

बिल अपलोड केलं की मोका तपासणी होते. सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, यंत्र प्रत्यक्ष बघतात आणि फोटो घेतात. बिलावरचा अनुक्रमांक आणि रोटरवरच्या पट्टीवरचा क्रमांक एकच हवा. त्यामुळे यंत्र दुकानातून उचलतानाच तो अंकाला अंक लावून वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, महिन्याभराने सापडली तर हेलपाटे पडतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची योजना वेगळी आहे. तिच्यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर मिळून साडेतीन लाखांची मर्यादा आहे. त्यातले ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान असतं आणि उरलेला दहा टक्के हिस्सा गटाचा. गटात किमान ८० टक्के सदस्य या प्रवर्गातले हवेत, अध्यक्ष आणि सचिवसुद्धा. त्यासाठी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. मापाचा हिशेब तिथेही तोच: अठरा एचपीपर्यंत तीन फुटांच्या वर जाऊ नका.