बागेतील तरणतलावाची लादी आणि पाण्याची पातळी : पार्श्वभूमी

अलिबाग, कर्जत किंवा लोणावळ्याच्या बाजूला बंगल्याभोवतीच्या बागेत तरणतलाव बांधायचा ठरला की पहिली चर्चा लादीच्या रंगावर होते, आणि पाणी काठाच्या किती खाली राहणार हा प्रश्न बहुधा खोदकाम पूर्ण झाल्यावर निघतो. क्रम उलटा असायला हवा, कारण लादी कुठे लागली, किती मोठी लागली आणि कोणत्या रंगाची लागली, यांतल्या बहुतेक गोष्टी पाण्याच्या पातळीने ठरवलेल्या आहेत. (कामावर या वास्तूला कोणी ‘पूल’ म्हणत नाही, कारण मराठीत पूल नदीवर असतो. गवंडी तिला सरळ ‘टाकी’ म्हणतात आणि बांधकामाच्या दृष्टीने तेच खरे आहे.)

प्राचीन काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोहेंजोदडोचे सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल स्नानकुंड विटांचे आहे. मात्र त्याच्या विटांच्या थरामागे डांबरासारख्या पदार्थाचा वेगळा लेप आहे. म्हणजे दिसणारा पृष्ठभाग वेगळा आणि पाणी अडवणारा थर वेगळा, ही समज तेव्हाच आलेली होती. आजही लादी पाणी अडवते असे मानून गळक्या टाकीवर महागडी लादी चढवणारे भेटतात, म्हणून एवढा उल्लेख. आपल्याकडच्या पुष्करण्या, बारवा आणि पेशवाईत कात्रजच्या पाण्यावर चालणारे पुण्यातील हौद दगडाचे आणि चुन्याचे. लादीचा प्रश्नच नव्हता. मात्र पुष्करणीच्या पायऱ्यांनी एक अडचण सोडवली होती, जी पुढे विसरली गेली. पाणी उन्हाळ्यात चार पायऱ्या खाली गेले तरी पुष्करणी ओकीबोकी दिसत नाही, कारण तिची रचनाच बदलत्या पातळीसाठी आहे. सपाट भिंतीच्या तलावात पाणी वीतभर उतरले तरी ते डोळ्यांत भरते.

युरोपातील एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक स्नानगृहांनी पांढरी चकचकीत लादी आणली ती स्वच्छता आणि तळ दिसावा या हेतूने. बाग तेव्हा चित्रात नव्हती. बागेचा आणि तरणतलावाचा आधुनिक संबंध जुळला तो काँक्रीट हवेच्या दाबाने फवारण्याच्या तंत्रामुळे. या तंत्राचे पेटंट अमेरिकेत १९११ साली घेतले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते खासगी तरणतलावांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. फवारलेल्या काँक्रीटला साचा नको म्हटल्यावर आयताची सक्तीही संपली. फिनलंडमधील एका घराच्या अंगणात १९३९ साली वळणदार काठाचा तलाव झालेला होता, पण जगभर नक्कल झाली ती उत्तर कॅलिफोर्नियातील सोनोमा येथील १९४८ च्या बागेची. तिथला मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव खाली दिसणाऱ्या खाडीच्या दलदलीतील वळणांशी नाते सांगतो. या कॅलिफोर्नियन पद्धतीत टाकीला आतून गिलावा असे आणि लादी फक्त पाण्याच्या रेषेवर, सहा इंचांच्या पट्ट्यापुरती. अंगावरचे तेल आणि धूळ पृष्ठभागावर तरंगून भिंतीला जिथे काळपट वळ पाडतात, तिथे घासता येईल असा पृष्ठभाग हवा, एवढाच तिचा हेतू होता. लादीची जागा पाण्याच्या रेषेने ठरवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

संपूर्ण टाकी लादीने मढवण्याची आवड पसरली ती इटलीत विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यात बनू लागलेल्या काचेच्या मोझॅकमुळे. २० मिलिमीटरचा चौकोन, सुमारे ४ मिलिमीटर जाडी आणि एका कागदावर १५ × १५ म्हणजे २२५ तुकडे. काच पाणी शोषत नाही आणि एवढा लहान तुकडा कोणत्याही वळणावर बसतो. आपल्याकडे हे काम शिकलेले लादी मिस्त्री तुकडे कागदासकट भिंतीवर बसवून वरचा कागद ओल्या स्पंजाने भिजवतात, थोडा वेळ थांबतात, मग एका कोपऱ्यातून तिरका ओढून सोलतात. सरकलेले तुकडे कन्नीच्या टोकाने ओळीत आणतात आणि त्यानंतरच सांधे भरतात. कागद वर असल्यामुळे सोलेपर्यंत सांधा दिसत नाही. या भीतीपोटी पुढे मागून जाळी चिकटवलेले मोझॅकचे ताव लोकप्रिय झाले. त्यांत सांधा आधीच दिसतो खरा, पण जाळी आणि तिचा गोंद तुकड्याच्या पाठीची बरीच जागा व्यापतात, आणि सतत पाण्याखाली राहिल्यावर तुकडे सुटण्याची सुरुवात तिथूनच होते. माझा कल अर्थातच कागदाकडे आहे.

आता ज्या शब्दाने सर्वाधिक गोंधळ घातला आहे त्याकडे वळायला हवे. ‘इन्फिनिटी’ हा शब्द आपल्याकडे काठोकाठ भरलेल्या कोणत्याही तलावाला लावला जातो. वस्तुतः पद्धती तीन आहेत. पहिलीत पाणी काठाच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली राहते आणि भिंतीतील चौकोनी तोंडातून, म्हणजे स्किमरमधून, खेचले जाते. दुसरीत पाणी चारही बाजूंनी जमिनीच्या सपाटीला येऊन जाळीखालच्या पन्हळीत पडते, हा ओव्हरफ्लो. तिसरीत फक्त एक भिंत किंचित ठेंगणी असते, पाणी तिच्यावरून पलीकडच्या खालच्या चरात पडते आणि समोरची दरी किंवा समुद्र पाण्याला चिकटल्यासारखा दिसतो. इन्फिनिटी ही तिसरी, आणि तिला उताराची जमीन लागते. सपाट प्लॉटवर ‘इन्फिनिटी’ मागणाऱ्याला प्रत्यक्षात ओव्हरफ्लो हवा असतो. करारात मात्र एक शब्द आणि नकाशात दुसरी रचना, असे होऊन वाद उभे राहतात.

ओव्हरफ्लोचे आकर्षण समजण्यासारखे आहे. आधुनिक बाग आडव्या रेषांवर उभी आहे: हिरवळ, फरशी, पाणी, सगळे एका पातळीत. या चित्रात वीतभर खाली गेलेले पाणी खड्ड्यासारखे दिसते, आणि शहरी हॉटेलांनी गेल्या दोन-तीन दशकांत हेच चित्र आदर्श म्हणून रुजवले. त्याची किंमत मात्र बागेला मोजावी लागते. ८ × ४ मीटरचा तलाव घ्या, सरासरी खोली १.३५ मीटर, पाणी सुमारे ४३ हजार लिटर. दहा माणसे एकदम उतरली तर साडेसातशे लिटर पाणी बाहेर सरकते, म्हणजे पातळी दोन सेंटिमीटरांहून थोडी अधिक चढावी एवढे. हे पाणी झेलायला बागेखाली तीन-चार हजार लिटरची संतुलन टाकी लागते. एवढ्यात हिशेब संपला असता, पण लोणावळ्यात दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही, आणि तेवढा पाऊस या तलावावर ६,४०० लिटर पाणी ओततो. संतुलन टाकी दुपारपर्यंत भरते. त्याहून वाईट म्हणजे, काठ जमिनीच्या सपाटीला असल्यामुळे हिरवळीवरचा चिखल, कापलेले गवत आणि पाचोळा पन्हळीत उतरतो. ज्या प्रदेशांत ही पद्धत घडली तिथे आपल्यासारखा पाऊस नव्हता, हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. उन्हाळ्यात तर दिवसाला ७-८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी सव्वादोनशे ते अडीचशे लिटर पाणी रोज उडते. स्किमरच्या तलावात हा तोटा दोन-चार दिवस खपून जातो, पण ओव्हरफ्लोमध्ये तो लगेच संतुलन टाकीत दिसतो.

लादीवरही या निर्णयाचा थेट परिणाम होतो. ओव्हरफ्लोचा काठ सगळीकडून दोन-तीन मिलिमीटरच्या आत एका पाणसळीत नसेल तर पाणी एकाच बाजूने वाहते आणि उरलेल्या तीन बाजू कोरड्या राहतात. काळ्या मातीच्या जमिनीत, जिथे पावसात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथे ही पाणसळ टिकवणे पाया खोल नेल्याशिवाय अवघड आहे. स्किमरची पद्धत माफक चूक सोसते, परंतु उघडीही पाडते. मोझॅकची ओळ आणि पाण्याची रेषा समांतर नसेल तर एका टोकाला पूर्ण तुकडा आणि दुसऱ्या टोकाला अर्धा दिसतो. जाणते मिस्त्री म्हणूनच वरून दुसरी-तिसरी ओळ आधी लावून तिच्यापासून खाली उतरतात.

रंगाचा इतिहास त्यामानाने सोपा आहे. पाणी लाल प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे पांढऱ्या लादीवरही दीड मीटर पाणी निळसर दिसते. निळी लादी हा रंग फक्त गडद करते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अलिबाग आणि गोव्याच्या बंगल्यांत ‘बाली स्टोन’ म्हणून ओळखला जाणारा हिरवा दगड आला. तो मुळात इंडोनेशियातील, पश्चिम जावाच्या सुकाबुमी भागातला. आता त्याची नक्कल करणारी पोर्सेलीन लादीही मिळते. जांभ्याच्या भिंती आणि दाट झाडीत हा हिरवा निळ्यापेक्षा शोभतो, हे मान्य करायला हवे. पण हिरव्या लादीवर शेवाळ उशिरा लक्षात येते, आणि काळ्या किंवा गडद करड्या लादीत तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही. दुसरा मुद्दा शोभेच्या चर्चेत मागे पडतो, तो पडू नये. पांढरी लादी आली तीच तळ दिसावा म्हणून.

बाहेरच्या पाण्यालाही, म्हणजे भूजलालाही, पातळी असते, आणि तिचा विचार सर्वांत शेवटी होतो. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांची आयएस ३३७० ही भारतीय मानक संहिता १९६५ ची. २००९ मध्ये तिचे पहिले दोन भाग सुधारले गेले. जमिनीखालची टाकी भरून सात दिवस मुरू द्यावी आणि पुढचे सात दिवस पाणी किती उतरते ते मोजावे, ही चाचणी त्या परंपरेतली. लादीच्या घाईत ती दोन रात्रींवर उरकली जाते. पण ही चाचणी आतल्या पाण्याची आहे. वरच्या उदाहरणातील ८ × ४ मीटरच्या तलावाला २० सेंटिमीटर जाडीच्या भिंती आणि तेवढाच तळ धरला तर रिकाम्या टाकीचे वजन सुमारे ३५ टन भरते, आणि भूजल जमिनीपर्यंत चढले तर ते तिला सुमारे ५७ टनांच्या जोराने वर ढकलते. पावसाळ्यात पोहायचे नाही म्हणून जूनमध्ये टाकी रिकामी करणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो. यासाठी तळाच्या सर्वांत खोल भागात, लादीची नक्षी मोडून, एक गोल झडप बसवतात, जी बाहेरचा दाब वाढला की उघडते आणि पाणी आत घेते. ही झडप दिसू नये म्हणून तिच्यावर मोझॅक चिकटवून घेतल्याची उदाहरणे आहेत, आणि मग ती उघडत नाही.