गळती (औद्योगिक प्रशिक्षण संस्था)

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेश घेतलेल्या मुलाने वा मुलीने राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हाती येण्याआधीच संस्था सोडणे म्हणजे गळती. देशभरातील आयटीआय १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय असून त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते.

संस्थेचा निकाल वाचताना टक्केवारी कोणत्या छेदावर काढली आहे, ते आधी पाहावे. समजा, जोडारी (फिटर) व्यवसायाच्या एका तुकडीत २० जागा आहेत. १७ जणांनी प्रवेश घेतला, १४ परीक्षेला बसले आणि १२ उत्तीर्ण झाले. परीक्षेला बसलेल्यांवर निकाल ८६ टक्के येतो, प्रवेशितांवर ७१ आणि मंजूर जागांवर ६०. फलकावर बहुधा पहिलाच आकडा लागतो, आणि मधल्या काळात निघून गेलेली तीन मुले त्यात कुठेच दिसत नाहीत. संस्था कशी चालते हे सांगणारा खरा आकडा दुसरा. जोडारी, वीजतंत्री, यंत्र कारागीर हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. तिथे पहिल्या वर्षी रिकामी झालेली जागा सहसा पुढच्या वर्षी भरली जात नाही. निदेशक (शिकवणारा) तोच, यंत्रे तीच, पण शिकणारे हात कमी.

गळतीचा सर्वांत नाजूक काळ सुरुवातीचा. प्रवेशफेऱ्या लांबतात आणि शेवटच्या फेरीतला मुलगा येईपर्यंत आधीची तुकडी पुढे गेलेली असते. अकरावीत किंवा तंत्रनिकेतनात जागा मिळाली की काही जण कागदपत्रे घेऊन जातात. ती गळती संस्थेला थांबवता येत नाही. थांबवता येते ती कार्यशाळेतली. जोडारीच्या मुलाला सुरुवातीला लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून कानस, म्हणजे लोखंड घासायचे हत्यार, मारायची असते. कानस पुढे जाताना दोन्ही हातांचा दाब सतत बदलावा लागतो: सुरुवातीला टोकाकडचा हात भारी, शेवटी मुठीचा. हे जमले नाही की कानस डुलते आणि पट्टीचा पृष्ठभाग मधोमध फुगतो. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडाकडे धरले की कडांशी फट दिसते. तळहाताला फोड आलेले, काम तीनदा परत आलेले आणि चूक नेमकी कुठे हे कोणी दाखवलेले नाही, अशा अवस्थेत नवखा मुलगा दोन दिवस घरी राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला परत यायची लाज वाटते. निदेशकाने शेजारी उभे राहून त्याच्या हातावर हात ठेवून दहा वेळा कानस मारून घेतली, तर हाच मुलगा टिकतो. त्यासाठी निदेशक जागेवर असावा लागतो. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका यांचा गळतीशी संबंध इतका सरळ आहे.

हजेरीचा हिशेब मुलांना सुरुवातीलाच सांगावा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे १२०० तास आहेत, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. म्हणजे २४० तासांपर्यंत चुकले तर चालते. दिवसाला सहा तास धरले तर ४० दिवस. भातलावणी, आजारपण, पोलीस भरतीची तयारी आणि चुकलेली एसटी यांतच हे दिवस सरतात. परीक्षा जवळ आल्यावर हजेरी कमी असल्याचे कळले, तर मुलगा उरलेले दिवसही येत नाही. म्हणून मासिक पत्रकात टक्केवारीऐवजी ‘अजून किती दिवस चुकले तर चालेल’ हे लिहिणे जास्त उपयोगी. सलग तिसऱ्या गैरहजेरीला निदेशकाने स्वतः घरी फोन करावा. कार्यालयातून गेलेली नोटीस बहुधा उशिरा पोहोचते आणि धमकीसारखी वाचली जाते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण लागतात, लेखी विषयांत ३३. त्यामुळे वर्गातला तास बुडाला तर तो वाचून भरून निघतो, कार्यशाळेतला निघत नाही.

पैशाचे कारण मोठे आहे. राज्यातील पात्र प्रशिक्षणार्थ्यांचे विद्यावेतन वर्षानुवर्षे महिना ४० रुपये होते. २०२३ मध्ये ते ५०० करण्याचा निर्णय झाला. तरीही एमआयडीसीतल्या कंत्राटी कामाचा महिन्याचा पगार घरच्यांना जवळचा वाटतो. १५० तासांच्या प्रत्यक्ष कारखान्यातील प्रशिक्षणात मुलगा चांगला निघाला की तिथेच थांबण्याचा प्रस्ताव येतो. संस्थेने कारखान्याशी करार करतानाच ‘परीक्षा होईपर्यंत कामावर घेणार नाही’ ही अट घालून घ्यावी. प्रमाणपत्र असले की १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारीची वाट मोकळी होते आणि विद्यावेतनही मिळते, हे पालकांना आकड्यांसह समजावले तर बरेच जण थांबतात.

मुलींच्या गळतीत कार्यशाळेपासून लांब असलेले किंवा कुलूपबंद स्वच्छतागृह आणि संध्याकाळच्या पाळीनंतर न मिळणारी बस ही कारणे वारंवार येतात. दोन्ही संस्थेच्या किंवा आगाराच्या पातळीवर सुटण्यासारखी आहेत.

नाव कमी करताना रजिस्टरात ‘वैयक्तिक कारण’ असे लिहून विषय मिटवला जातो. त्याऐवजी शेवटचा हजर दिवस, त्या दिवशी चालू असलेले प्रात्यक्षिक आणि घरापासूनचे अंतर, एवढ्या तीन नोंदी ठेवल्या तरी तीन-चार तुकड्यांत मुले कुठल्या कामापाशी आणि कुठल्या गावाहून गळतात ते दिसू लागते.