टक-टक वाजणारी हार्ड डिस्क आणि मागचा पोर्ट

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी घरातले सगळे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर साठवले होते. मुलीच्या लॅपटॉपवर डिस्क छान चालायची. घरच्या जुन्या डेस्कटॉपला लावली की दिवा लागायचा, आतून टक-टक ऐकू यायचं आणि स्क्रीनवर काहीच दिसायचं नाही. ‘डिस्क गेली’ म्हणून डेटा रिकव्हरीचे भावही विचारून झाले. डिस्क ठणठणीत होती, तिला वीज पुरत नव्हती.

काकांच्या डिस्कसारख्या छोट्या, अडीच इंची डिस्कला विजेसाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो. डेटा आणि वीज एकाच यूएसबी केबलमधून येतात. आतली, डेटा साठवणारी तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. एकदा फिरू लागली की तिची भूक कमी असते, पण थांबलेली तबकडी त्या वेगाला न्यायला काही क्षण एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. गायमुखच्या चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा हलवताना इंजिनाला जसा जोर लावावा लागतो, तसंच हे. जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टकडून (केबल लावायच्या खाचेकडून) हमी मिळते ती ५०० मिलिअँपिअरची, म्हणजे अर्ध्या अँपिअरची, नंतरच्या ३.० कडून ९०० ची. बरेच पोर्ट याहून थोडं जास्त देतात, म्हणून एरवी निभावतं.

कॅबिनेटच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या खोक्याच्या, पुढच्या पोर्टला मात्र मदरबोर्डपासून (आतल्या मुख्य सर्किट बोर्डपासून) बारीक वायरीतून वीज येते. त्यात बाहेरची लांब केबल जोडली की मूळ ५ व्होल्टमधले काही दशांश वाटेतच गळतात. मग तबकडी वेग घेत नाही. वाचणारं हेड तबकडीला न टेकता, तिच्या वेगामुळे तयार होणाऱ्या हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. वेगच नसेल तर हा थर तयार होत नाही, आणि डिस्क सुरू व्हायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा करते. काकांच्या घरची टक-टक ती हीच.

म्हणून डिस्क आधी कॅबिनेटच्या मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला, सोबत आलेल्या आखूड केबलने लावा. निळा पोर्ट असेल तर तो बहुतेक ३.० चा असतो, तोच निवडा. तसा नसेल तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्या. साडेतीन इंची डिस्कला हा प्रश्न येत नाही. तिला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे अ‍ॅडॅप्टर सोबतच मिळतो.

एवढं करूनही टक-टक थांबली नाही तर हेडच बिघडलेलं असू शकतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा लावून बघू नका. खराब हेड तबकडीवर घासलं तर तिथला डेटा कायमचा जातो. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विंडोजने विचारलं, तर फोटो हवे असतील तोवर ‘हो’ म्हणू नका.