‘व्हय’ आधी, ‘मोग’ मागाहून

नाताळ सरला की कोरेजम लागेपर्यंत गोव्यात काजारांची, म्हणजे ख्रिस्ती लग्नांची झुंबड असते. कोरेजम म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ. त्या दिवसांत आणि नाताळाआधीच्या आद्वेंतात सहसा लग्नं लावत नाहीत, आपल्याकडे चातुर्मासात लावत नाहीत तशीच. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बार्देश-सासष्टीत दारोदार माटव (मांडव) उभे राहतात आणि आमच्यासारख्या हिंदू शेजाऱ्यांना रोसाचं बोलावणं येतं.

रोस लग्नाच्या आदल्या दिवशी होतो. नवरीला अंगणात बसवतात, घरचे-दारचे एकेक करून येतात, तिच्या डोक्यावर नारळाचा रस ओततात, खोबरेल चोपडतात. बायका ओव्या म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ही तर आपली हळदच, फक्त हळदीवाचून. मग हळद गेली कुठे? त्याची लेखी नोंद आहे. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, 1736 साली एक फर्मान काढून नवख्रिस्ती घरांतल्या ‘हिंदू’ चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातल्या ओव्या, पान-सुपारी आणि फुलांची देवघेव, वधूवरांना हळद-तेल माखणं हे सगळं त्या यादीत होतं. हळद गेली. नारळ राहिला, ओव्याही राहिल्या. बायकांच्या तोंडची गाणी फर्मानाने बंद होत नाहीत.

पण आज लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीबद्दल. आदल्या संध्याकाळी जिच्या डोक्यावर शंभर हात असतात, तिला दुसऱ्या दिवशी इगर्जीत (चर्चमध्ये) पाद्री एकटीलाच विचारतो: तू स्वतःच्या मर्जीने आलीस का? बापाला विचारत नाही, मामाला विचारत नाही. आपल्या लग्नात कन्यादान असतं, म्हणजे देणारा कुणीतरी असतो. कॅथलिक शास्त्रात मुलगी कुणी देत नाही. (वडील हात धरून वेदीपर्यंत आणतात तो रिवाज, विधीचा गाभा नव्हे.) इतकंच काय, रोमन परंपरेत लग्न पाद्रीही लावत नाही. एकमेकांना होकार देणारे ते दोघेच हा संस्कार एकमेकांना देतात; पाद्री चर्चच्या वतीने तो होकार घेणारा साक्षीदार.

हा होकार एवढा मोठा कसा झाला? ‘संमतीने लग्न होतं’ हे रोमन कायद्यातलं जुनं तत्त्व. पण बाराव्या शतकात त्यावर खडाजंगी झाली. बोलोन्याचा चर्च-कायद्याचा पंडित ग्रेशियन म्हणे, होकाराने लग्न सुरू होतं, शरीरसंबंधाने पुरं होतं. पॅरिसचा धर्मशास्त्री पीटर लोम्बार्ड म्हणे, होकार दिला की लग्न झालं. लोम्बार्डच्या बाजूचा एक बिनतोड मुद्दा होता येशूची आई मरिया आणि तिचा नवरा योसेफ. त्यांचा संसार शरीराचा नव्हता, पण ते नवराबायको नव्हते असं म्हणायची कुणाची छाती होती? पुढे पोप तिसरा अलेक्झांडर याने कौल मुख्यतः होकाराच्या बाजूने दिला.

त्यातून एक भलतीच अडचण उभी राहिली. दोघांनी परसात, कुणी नसताना ‘मी तुला वरतो’, ‘मी तुला वरते’ म्हटलं तरी लग्न लागलं! मग मुलगा उलटला तर मुलीने दाद मागायची कुठे? सोळाव्या शतकात ट्रेंटला भरलेल्या चर्चच्या परिषदेत यावर बरीच भांडाभांडी झाली. आईबापांची परवानगी नसेल तर लग्न रद्द ठरवा, असा फ्रान्सच्या राजाच्या दूतांचा धोशा होता. परिषदेने तो मानला नाही. 11 नोव्हेंबर 1563 ला ठरलं ते असं: लग्न विगाराच्या (गावच्या मुख्य पाद्रीच्या) किंवा त्याने नेमलेल्या पाद्रीच्या समोर, दोन-तीन साक्षीदारांदेखत व्हावं, आधी तीन वेळा चर्चमध्ये घोषणा व्हावी, पण केवळ आईबाप राजी नव्हते म्हणून लग्न खोटं ठरणार नाही. त्या काळातल्या कुठल्याही सरदार घराण्याच्या पोटात गोळा यावा असाच हा निकाल होता.

1567 मध्ये गोव्यात पहिली प्रांतीय परिषद भरली ती याच ट्रेंटची अंमलबजावणी करायला. तोवर इथे पोर्तुगिजांना अर्धं शतक उलटून गेलं होतं. 1510 मध्ये शहर घेतल्याबरोबर आफोन्सो द आल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्न करायला लावलं, वर जमिनी दिल्या. त्यात राज्य टिकवण्याचा हिशेब होता, आणि त्या बायकांचा ‘व्हय’, म्हणजे होकार, किती मोकळा होता हे सांगायला नको. नियम पुस्तकात चांगला असून भागत नाही.

पुढची तीन-चारशे वर्षंही नियम एकीकडे आणि घर एकीकडे अशीच गेली. बामण, चारदो, सुदीर ही जात बाप्तिस्म्याने पुसली गेली नाही. सोयरीक मोठ्यांनी जुळवायची, दोतीचा (हुंड्याचा) आकडा ठरवायचा, मग मुलामुलीला इगर्जीत उभं करून विचारायचं, स्वीकारता ना? कुणी ‘नाही’ म्हणायचं?

आणि प्रेम? चर्चच्या लेखी ते बराच काळ लग्नाचं कारण नव्हतंच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने लग्नातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या: संतती, एकनिष्ठा आणि न तुटणारं बंधन. वासनेकडे तो संशयानेच बघे. बायबलात ‘गीतरत्न’ हे धडधडीत शृंगारकाव्य आहे, त्याचा अर्थ ख्रिस्त आणि चर्च, ईश्वर आणि जीव असाच लावायची रीत पडली. क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने त्यावर 86 प्रवचनं दिली आणि तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच त्याचं आयुष्य सरलं. त्यातल्या प्रियकर-प्रेयसीला त्याने क्षणभरही नुसते प्रियकर-प्रेयसी राहू दिलं नाही. आपल्या मधुराभक्तीशी परिचय असलेल्या वाचकाला हे फार परकं वाटू नये.

‘ग्रीकमध्ये देहाचं प्रेम ते इरॉस, निःस्वार्थ प्रेम ते अगापे’ ही वाटणी लग्नाच्या प्रवचनांत हमखास ऐकू येते. ती ऐकायला सोपी आहे, पण तितकी खरी नाही. गीतरत्नाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात त्या प्रेमिकांच्या ओढीलाही अगापेच म्हटलंय. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात दोन्ही प्रेमं एकमेकांपासून तोडता येत नाहीत असं लिहिलं, तेव्हा अनेकांना ते नवं वाटलं. होतं ते जुनंच.

गोव्यात मोग, म्हणजे प्रेम, कुठे होता म्हणाल, तर मांडोत. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत, विशेषतः कुडतरीकडे हे गाणं फुललं. घुमट (मातीचं चर्मवाद्य) आणि व्हायोलिन, संथ ठेका. एका रांगेत बायका हातात पंखा घेऊन, समोर पुरुष हातात रुमाल घेऊन. जवळ यायचं, मागे सरायचं, शिवायचं नाही. विषय ओढीचा, ताटातुटीचा, भेटीचा. आणि हे गायचं कुठे, तर ठरवून केलेल्या लग्नांच्या माटवात! मला त्यात विसंगती दिसत नाही. जे वेदीपुढे बोलायला जागा नव्हती, ते माटवात बोललं गेलं.

कारण वेदीपुढे खरंच जागा नव्हती. 1614 च्या रोमन विधिपुस्तकातला प्रश्न इतकाच आहे: पवित्र चर्चच्या रीतीप्रमाणे हिला धर्मपत्नी म्हणून स्वीकारतोस का? प्रेमाचा उल्लेख नाही. ‘पतींनो, आपल्या पत्नीवर प्रीती करा’ हे संत पौलाचं वचन लग्नाच्या मिसेत (चर्चमधल्या उपासनेत) वाचलं जाई, पण लॅटिनमध्ये. 1917 च्या चर्च-कायद्यानेही लग्नाचा पहिला हेतू संतती असंच लिहिलं. परस्परांचं साहाय्य दुसऱ्या क्रमांकावर.

पालटलं ते चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. 1965 च्या दस्तऐवजात लग्नाला ‘जीवनाची आणि प्रेमाची जवळीक’ या अर्थाचे शब्द आले, आणि पहिला हेतू-दुसरा हेतू ही उतरंड बाजूला ठेवली गेली. 1969 मध्ये लग्नाचा नवा विधी निघाला. त्यात होकाराआधी तीन प्रश्न आहेत: मोकळ्या मनाने आलात का, जन्मभर एकमेकांवर प्रेम आणि आदर कराल का, देव देईल ती मुलं स्वीकाराल का. ऑगस्टीनच्या यादीत पहिली असलेली संतती इथे शेवटी आली. आणि लॅटिन जाऊन कोकणी आल्यामुळे गोव्याच्या वेदीवर ‘मोग’ हा शब्द वधूवरांनाच विचारला जाऊ लागला. ज्यांचं लग्न त्याआधीचं, त्या आज्या-आजोबांना तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सरकारी बाजू वेगळ्या वाटेने आली. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून इथे लागू झाला. वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता निम्मी-निम्मी होते ती त्याच्यामुळे, आणि हे हिंदू-ख्रिश्चन सगळ्यांनाच. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं त्या 1910 सालीच घटस्फोटाचा आणि नागरी विवाहाचा कायदा झाला. आपण गोंयकार रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी सही करतो, ती याच परंपरेतली. कॅथलिकांना पहिल्या सहीनंतर दाखला घेऊन इगर्जीत लग्न लावता येतं आणि त्या लग्नाची नोंद सरकारदप्तरी जाते. ही सोय 1940 च्या व्हॅटिकन करारातून आणि तो वसाहतींना लावणाऱ्या 1946 च्या हुकमातून आली. त्या करारात एक खोच होती: इगर्जीत लग्न लावणाऱ्याने घटस्फोटाचा हक्क सोडला असं समजायचं. पोर्तुगालने ही अट 1975 मध्ये काढली, पण तेव्हा गोवा पोर्तुगालचा राहिला नव्हता.

चर्चकडे घटस्फोट नाही, लग्न मुळात झालंच नव्हतं असा निवाडा मात्र आहे. जबरदस्ती होती, फसवणूक होती, होकाराचा अर्थ पेलण्याइतकी मनाची स्थितीच नव्हती, असं काही धर्मन्यायालयात सिद्ध झालं तर तो मिळतो. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. बाहेरून बघणाऱ्याला ही पळवाट वाटते. मला मात्र ती बाराव्या शतकातल्या त्या वादाचीच दुसरी बाजू वाटते: लग्न होकारावर उभं असेल, तर होकारच पोकळ निघाल्यावर उरतं काय?

यंदा आमच्या वाड्यावरच्या काजाराला मी तिसऱ्या बाकावर होतो. पहिल्या प्रश्नाला नवऱ्याने खणखणीत ‘व्हय’ म्हटलं. नवरीचे ओठ हलले, पण माइकवर काही आलं नाही. मागे कुणीतरी हसलं. पाद्री थांबला, माइक तिच्याजवळ सरकवला आणि प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारला.